जुन्या चांदीच्या किटलीखालचे शिक्के कसे ओळखायचे?

अमळनेरकर: आजीच्या जुन्या पेटीत चांदीची चहाची किटली अन् दूधदाणी निघाली, किटलीच्या बुडाला बारीक शिक्के आहेत, चालता सिंह, जहाजाचा नांगर, एक अक्षर अन् व्हिक्टोरिया राणीचं डोकं. सराफ म्हणतो मोडीत द्या, पण मन होत नाही. कुठली असेल, कोणी बनवली?

धुळेकर: मोडू नका हो भाऊ! सिंह म्हणजे स्टर्लिंग, ९२.५ टक्के चांदी. नांगर बर्मिंगहॅमचा, गावाला समुद्र नाही तरी १७७३ पासून तिथला शिक्का हाच. राणीचं डोकं म्हणजे कर भरल्याची खूण, ती १८९० ला बंद झाली, म्हणजे किटली त्याआधीची. सुटं अक्षर वर्षाचं असतं, त्याचा फॉन्ट अन् चौकटीचा आकार दोन्ही जुळवा, कारण तीच अक्षरं पुन्हा पुन्हा येतात. कारागिराची आद्याक्षरं वेगळ्या चौकटीत असतील, भिंगातून बघा.

रावेरकर: दूधदाणीवरही हेच शिक्के आहेत का? ई.पी.एन.एस. अशी अक्षरं असतील तर आत दुसरा धातू, वर चांदीचा नुसता मुलामा.

अमळनेरकर: नाही, तिच्यावर फक्त ओ.एम., अन् पानाफुलांची दाट नक्षी.

रावेरकर: अरे मग ती भुजच्या ओमरसी मावजींची असू शकते, कच्छी कामातलं मोठं नाव! चिंच, राख काही लावू नका, नक्षी झिजते. आधी जाणकाराला दाखवा.