स्पिन टेक्श्चर: पोत की वीण?

घणसोलीकर: नमस्कार मंडळी. मुलगी एमएस्सीच्या प्रोजेक्टचा गोषवारा मराठीत लिहितेय, विषय चुंबकातले स्कर्मिऑन, म्हणजे अणूंच्या इवल्या चुंबकांची पीळदार नक्षी. टॉपॉलॉजिकल स्पिन टेक्श्चरला तिने 'सांस्थितिक फिरकी पोत' लिहिलंय. पोत म्हटलं की मला साडी नाहीतर जमीन आठवते. दुसरा शब्द आहे का?

तलावपाळी: ताई, पोत नकोच, पोत हाताला लागतो. इथं प्रत्येक अणूचा स्पिन, म्हणजे त्याचं इवलंसं चुंबकत्व, एक बारीक बाण धरा, स्कर्मिऑनच्या मधोमध तो खाली, कडेला वर आणि मधल्या पट्ट्यात हळूहळू वळत गेलेला, म्हणजे कोण कुणाशेजारी कसा वळलाय तेच टेक्श्चर, तर त्याला वीण म्हणा. अख्खी वीण कधीकधी काही नॅनोमीटरचीच असते.
आणि टॉपॉलॉजिकलला, म्हणजे ताणलं-वाकवलं तरी टिकणाऱ्या गुणाला, पीळ. जांभळी नाक्यावरून काथ्याची दोरी आणा, पीळ देऊन दोन्ही टोकं घट्ट बांधा, मग हलवा, ताणा, काहीही करा, टोक सोडल्याशिवाय पीळ निघत नाही. सुंभ जळेल पण पीळ जळणार नाही म्हणतात ना!

कोपरखैरणे: वीण मस्त. पण दादा ती म्हण हेकट माणसाची आहे, आणि स्कर्मिऑन पुसता येतो की. पदार्थ सलग नाही, अणूंचा आहे, बाहेरचं चुंबकीय फील्ड वाढवलं किंवा तापवलं की मिटतो.

तलावपाळी: बरोबर, म्हण काढा. पीळ राहू द्या.

घणसोलीकर: स्कर्मिऑनला भोवरा चालेल का? दिसतो तसाच.

कोपरखैरणे: नाही, चुंबकातला भोवरा वेगळा, त्यात पीळ निम्माच. स्कर्मिऑनच ठेवा, ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ टोनी स्कर्म यांचं नाव आहे ते, त्यांनी 1960 च्या आसपास अणुकेंद्रातल्या कणांसाठी ही कल्पना मांडली, चुंबकात 2009 ला दिसले, मँगनीज सिलिसाइडमध्ये.
स्कर्मिऑनच्या कंट्रोलला, म्हणजे त्याला हवं तिकडे नेण्याला, मात्र मी 'हाकणे' म्हणेन. 2010 ला त्याच पदार्थात करंटने स्कर्मिऑनची जाळी फिरवून दाखवली, चौरस मीटरला साधारण 10 लाख अँपिअर, आकडा मोठा वाटतो पण एरवी अशा प्रयोगांत याच्या लाखपट लागायचा! आणि स्कर्मिऑन सरळ जातच नाही, करंटला आडवा सरकत कडेला जातो, बैल बांधाकडे ओढतो तसा.

घणसोलीकर: हाकणे तिला फार आवडलं, आतल्या परिच्छेदात घेतेय. शीर्षक 'चुंबकातली पिळाची फिरकी-वीण'. पण तिचे सर फिरकी खोडतात, इलेक्ट्रॉन खरंच गरगर फिरत नसतो म्हणून.

तलावपाळी: सरांचं खरंय. मग 'स्पिनची वीण' लिहा ताई.