फायरफॉक्स १०२ वरून थेट नवीन आवृत्ती: काय काय बदलेल?

फॉर्मवाली_पेठकर
नमस्कार मंडळी. अप्पा बळवंत चौकापाशी आमचं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं दुकान आहे. काउंटरवरच्या विंडोज १० मशीनवर अजून फायरफॉक्स १०२ चालतं. अपडेट मुद्दाम बंद ठेवलेत, कारण ऐन अ‍ॅडमिशनच्या गर्दीत एखादं बटण इकडचं तिकडे झालं की सासरे दुकान डोक्यावर घेतात. पण जाहिराती अडवणारं एक्स्टेंशन (ब्राउझरला जोडलेला छोटा प्रोग्राम) मधेच आपोआप बंद पडलं, परत चालूच होत नाही. त्यात एक साइट आता ‘तुमचा ब्राउझर जुना आहे’ म्हणून पुढेच जाऊ देत नाही.
अपडेट केलं तर बुकमार्क राहतील ना? सासऱ्यांना नवीन काय दिसेल? आतल्या खोलीत डीटीपीचं विंडोज ७ मशीन आहे, त्याचं काय करू?

कर्वेनगरचा_बंड्या
क्रोम टाका, विषय संपला.

निवृत्त_सिस्टिमवाला
बंड्या, विषय तिथे संपत नाही. जाहिराती अडवायला बहुतेक लोक वापरतात ते यूब्लॉक ओरिजिन क्रोमने २०२५ मध्ये बंद पाडलं. फायरफॉक्सवर ते अजून चालतं.

ताई, तुमचं एक्स्टेंशन का बंद पडलं ते आधी सांगतो. एक्स्टेंशनची डिजिटल सही तपासायला फायरफॉक्स जे मूळ प्रमाणपत्र वापरायचं, त्याची मुदत १४ मार्च २०२५ ला संपली. नवं प्रमाणपत्र १२८ पासून पुढच्या आवृत्त्यांत आहे. म्हणजे १०२ वर तुम्ही कितीही वेळा काढून घातलंत तरी उपयोग नाही, अपडेट करावंच लागेल.

चेहरामोहरा फारसा बदलणार नाही. मोठी रंगरंगोटी २०२१ मध्ये, आवृत्ती ८९ ला झाली, ती तुमच्याकडे आधीच आहे. सासरेबुवा अडतील ते एकाच जागी: एक्स्टेंशनची चिन्हं आता वर उजवीकडे कोड्याच्या तुकड्यासारख्या बटणाखाली जमा होतात. त्यावर टिचकी मारून, हवं त्याच्या पुढच्या चाकातून ‘पिन टू टूलबार’ केलंत की चिन्ह पुन्हा बाहेर.

तुमच्या धंद्याला खरा उपयोग पीडीएफचा. १०६ पासून ब्राउझरमध्येच पीडीएफवर मजकूर लिहिता येतो, ११९ पासून चित्रही टाकता येतं. गिऱ्हाईक अर्ज घेऊन आलं की साध्या पीडीएफवर नाव-पत्ता टाइप करा, स्कॅन केलेली सही चिकटवा, प्रिंट काढा. वेगळं सॉफ्टवेअर नको. मला विचाराल तर एवढ्यासाठीसुद्धा अपडेट करावं.

टॅबचे गट करता येतात, १३६ पासून टॅब डावीकडे उभेही लावता येतात. उभे टॅब आपण चालू केल्याशिवाय येत नाहीत, तेव्हा त्या वाटेला जाऊ नका. घरात शांतता राहील.

बुकमार्क, पासवर्ड जागेवर राहतात. जुनं अनइन्स्टॉल करायची गरज नाही. फक्त आधी हेल्पमधल्या ‘मोर ट्रबलशूटिंग इन्फर्मेशन’मधून प्रोफाइलचं फोल्डर (बुकमार्क, पासवर्ड त्यातच साठतात) उघडा, फायरफॉक्स बंद करा आणि ते अख्खं फोल्डर पेनड्राइव्हवर कॉपी करा. नव्या आवृत्तीने उघडलेलं प्रोफाइल जुनी आवृत्ती सहसा उघडू देत नाही, म्हणून हा खटाटोप.

फॉर्मवाली_पेठकर
काका, खूप आभार. पासवर्डवरून आठवलं, गिऱ्हाइकांचे बरेच पासवर्ड त्यात सेव्ह झालेत. ते पण कॉपी होतील का?

निवृत्त_सिस्टिमवाला
होतील, आणि हे काही बरं नाही! पेनड्राइव्ह हरवला तर लोकांची खाती रस्त्यावर. प्रायमरी पासवर्ड (सेव्ह केलेल्या सगळ्या पासवर्डना कुलूप लावणारा एक पासवर्ड) लावलेला नसेल, तर ते फोल्डर हाती लागलेल्या कोणालाही सगळे पासवर्ड वाचता येतात. आधी सेटिंग्जमध्ये जाऊन गिऱ्हाइकांचे पासवर्ड पुसा आणि सेव्ह करायचं विचारणं बंद करा. मग कॉपी. यापुढे फॉर्म भरताना कंट्रोल-शिफ्ट-पी दाबून खासगी खिडकी उघडा. काम झाल्यावर ती बंद केली की लॉगिनही जातं. डाउनलोड झालेल्या फायली मात्र तशाच राहतात, आधार कार्डांनी भरलेलं ते फोल्डर रोज संध्याकाळी हाताने रिकामं करा.

सातारा_रोड_डीटीपी
विंडोज ७ बद्दल मी सांगतो, आमच्याकडेही जुन्या फॉन्टपायी एक मशीन तसंच ठेवलंय. त्यावर क्रोम १०९ च्या पुढे जात नाही. फायरफॉक्सची ११५ ची दीर्घ मुदतीची आवृत्ती शेवटची. तीही ११५.१३ किंवा त्यापुढची घ्या, नाहीतर वर काकांनी सांगितलेला एक्स्टेंशनचा घोळ तिथेही होईल. आम्ही तर त्या मशीनची नेटची वायरच काढून ठेवलीय. फाइल पेनड्राइव्हने येते, जाते.

कर्वेनगरचा_बंड्या
आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्टही १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय. सासऱ्यांना हे आत्ताच सांगू नका.

फॉर्मवाली_पेठकर
सांगत नाही. रविवारी दुकान बंद असतं, तेव्हा उरकते. अडले तर इथेच विचारेन.