बुटका घेवडा: निम्मं बी कुजलं, उगवलेली रोपं पिवळी पडतायत

परसबाग_वडगाव:
बेळगावची काळी माती, 10 × 4 फुटांचा सपाट वाफा. मृगात बुटक्या घेवड्याचं (बाजारात बीन्स म्हणतात तो) बी रात्रभर भिजवून टोकलं. निम्मं उगवलंच नाही, उकरलं तर मऊ पडून कुजलेलं. उगवलेली रोपं आता तीन आठवड्यांची आहेत, त्यातली दहा-बारा पिवळी पडून माना टाकतायत. बुरशीनाशक ओतू की सगळं उपटून नव्यानं पेरू?

काळी_माती:
घेवड्याचं बी भिजवूच नका. ते पाणी भसकन ओढतं, डाळिंब्या आतून चिरतात, त्यातून पाझरलेल्या साखरेवर मातीतली बुरशी लगेच बसते. वरून पाऊस आणि सपाट वाफा, मग कुजणारच की.

गादीवाफा वीतभर उंच करा. कोरडं बी किंचित ओलसर करून ट्रायकोडर्मा (कुजवणाऱ्या बुरशीला रोखणारी उपयोगी बुरशी) चोळा (100 ग्रॅम बियाला अर्धा ग्रॅम पुरतो) आणि सावलीत सुकवून लगेच टोका. खोली 3 सेंटिमीटर, काळ्या मातीत त्याहून खोल नको. ओळीत 12 सेंटिमीटर, दोन ओळींत सव्वा फूट. तुमच्या वाफ्यात तीन ओळी, साधारण 75 बिया बसतील. पेरल्यावर पाणी एकदाच, मग कोंब दिसेपर्यंत माती फक्त ओलसर ठेवा.

खानापूर_रस्ता:
पिवळ्या रोपांचं कारण वेगळं असू शकतं. बुरशीनाशक आणण्याआधी एक रोप उपटून मातीलगतचं खोड बघा. पाणचट, मऊ, बारीक झालं असेल तर मर, म्हणजे बुरशीचा रोग. फुगून उभं तडकलं असेल तर खोडमाशी. ब्लेडनं साल सोला.

परसबाग_वडगाव:
फुगलंय आणि तडकलंय. सालीखाली तांदळाच्या कणीएवढे तपकिरी कोष दिसतायत, एका रोपात चार.

खानापूर_रस्ता:
मग खोडमाशीच. माशी पहिल्या पानांवर अंडी घालते, अळी देठातून खोडात उतरते, आणि मातीलगत खोड पोखरलं की अन्नपाणी तुटतं. बुरशीनाशकाचा इथे काडीचा उपयोग नाही. माना टाकलेली रोपं मुळासकट काढून जाळा, कंपोस्टमध्ये टाकलीत तर कोषातून माश्या निघतील. बाकीच्यांना पहिल्या पानांच्या थोडं खालपर्यंत मातीची भर द्या. तडकलेल्या जागेच्या वर नवी मुळं फुटतात, बरीच रोपं सावरतात.

पुढच्या पेरणीला उगवल्यापासून चौथ्या-पाचव्या दिवशी निंबोळी तेल फवारा: लिटरला 5 मिली, सोबत थोडं साबणाचं पाणी. आठवड्यानं पुन्हा. तीन आठवड्यांनी फवारून काही साधत नाही, अळी तोवर खोडात असते.

हस्ताची_पेर:
सगळं उपटू नका, पण रिकाम्या जागी आत्ता बीही टोकू नका. उत्तरा-हस्तात पाऊस ओसरला की पेरा, बेळगावच्या हवेत हा घेवडा तेव्हा सर्वांत छान येतो. एप्रिलच्या उन्हात फुलं गळतात.

बी घेताना पाकिटावरचं कन्नड वाचून घ्या: 'हुरळीकाई' म्हणजे घेवडा, पण पुढे 'बळ्ळी' असेल तर तो वेल, त्याला मांडव लागतो. बंगळूरच्या बागायती संशोधन संस्थेचा अर्का कोमल हा वाण बुटका आहे. शिरा नको असतील तर अर्का सुविधा.

खताबद्दल एक गैरसमज: शेंगवर्गीय म्हणून नत्र नको असं नाही. घेवड्याच्या मुळांवर हवेतलं नत्र धरणाऱ्या गाठी फार कमी धरतात, आणि भुईमुगाचं रायझोबियम (गाठी धरवणारे जिवाणू) त्याला चालत नाही. या वाफ्याला 8-10 किलो कुजलेलं शेणखत आधीच मिसळा. विसाव्या दिवशी गांडूळखत मूठ-मूठ ओळीत घालून भर द्या. त्याहून जास्त दिलंत तर पाला माजेल, शेंगा कमी.

पन्नासाव्या दिवसाच्या आसपास तोडा सुरू होईल. दर दोन-तीन दिवसांनी तोडा. शेंगेत दाणा फुगू दिला की झाड नवी फुलं धरायचं थांबतं.