मदत हवी आहे: मांदेलीचं माप नेमकं कुठून कुठवर घ्यायचं?

नमस्कार मंडळी. एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी वर्सोवा आणि सातपाटीच्या मांदेलीची (कोइलिया डुसुमिएरी) अंगलट ताडून बघतेय. घोडं अडलंय शेपटीपाशी. मांदेलीचा गुदपर (गुदद्वारामागचा, पोटाखालचा पर) थेट शेपटीच्या पराला जाऊन मिळतो आणि टोक इतकं निमुळतं, की डोलीतून (डोल जाळ्यातून) टोपलीत येईपर्यंत बऱ्याच माशांचं तुटलेलं असतं. मग एकूण लांबीला काय अर्थ?

तोंडाच्या टोकापासून गुदपराच्या सुरुवातीपर्यंतची लांबी आधार धरली तर चालेल का? की डोक्याची लांबी बरी?

दुसरं म्हणजे गाभोळी. भरलेल्या मादीचं पोट असं तटतटलेलं असतं, की अंगाची उंची मोजून कळतं ते फक्त ती अंड्यावर आहे एवढंच! अशा माद्या वगळू, की नर-मादी वेगळे ठेवून तुलना करू? नुसत्या गुणोत्तरावर माझा भरवसा नाही, मासा वाढतो तसं प्रमाणही बदलतं. म्हणून मापांचे लॉग (लॉगॅरिदम) घेऊन रिग्रेशन करायचा, म्हणजे एक माप दुसऱ्याबरोबर कसं बदलतं ते काढायचा विचार आहे. फॉर्मॅलिनमध्ये मासा आकसतो, म्हणून ताजेच मोजतेय.

आणि दोन्ही बंदरांतल्या डोलींची आस (जाळ्याच्या भोकांचा आकार) सारखी नसेल, तर आकारातला फरक माशांचा की जाळ्याचा, हे कसं ओळखायचं? मोजमापाचं काम केलेल्या कुणीतरी सांगा प्लीज.