डेस्कटॉपवरचं मांजर ब्रेक घ्यायला लावतं, पण भलत्याच वेळी

खटपट्या:
विंडोज ११ वर पायथन आणि टीकिंटर (पायथनची खिडक्या बनवायची लायब्ररी) वापरून स्क्रीनवर फिरणारं मांजर बनवतोय. डोळ्यांना विश्रांती म्हणून दर २० मिनिटांनी ते जांभई देतं आणि २० सेकंद लांब बघायला सांगतं. चहाला दहा मिनिटं उठून परत आलं की बसल्या बसल्या मांजर हजर! मांजराभोवती गुलाबी कड दिसते. आणि टाइप करताना ते वर आलं की पुढची दोन-चार अक्षरं गायब होतात. ब्रेक टाळला तर मांजर उपाशी राहून मरेल असंही ठेवायचा विचार आहे. कसं वाटतं?

बिनतारी:
माणूस समोर आहे की नाही, हे तुमचा टायमर बघतच नाही. दर सेकंदाला विंडोजच्या गेट-लास्ट-इनपुट-इन्फो या फंक्शनला विचारा. शेवटची कळ दाबल्याला किंवा माउस हलल्याला किती वेळ झाला ते त्यातून निघतं. दोन मिनिटांपर्यंत हात लागला नाही तर वाचन चालू आहे असं धरा आणि काउंटर पळू द्या. त्यापुढे थांबवा, पाच मिनिटांनी शून्य करा. स्क्रीन लॉक झाली तर मात्र लगेच थांबवा.

इथे तीन खड्डे आहेत. ते फंक्शन शेवटच्या हालचालीची वेळ मशीन सुरू झाल्यापासूनच्या मिलिसेकंदांत, ३२ बिटांच्या आकड्यात देतं, तो ४९.७ दिवसांनी पुन्हा शून्यापासून सुरू होतो. वजाबाकी ६४ बिटांच्या टिक-काउंटशी (मशीन सुरू झाल्यापासूनच्या मोजणीशी) केलीत तर त्यानंतर मांजर कायमचं गप्प. फास्ट स्टार्टअप ही विंडोजची लवकर सुरू होण्याची सोय चालू असेल तर शट डाउन करूनही हा आकडा शून्य होत नाही, त्यामुळे ४९ दिवस सहज भरतात. वजाबाकीचं उत्तर ३२ बिटांत कापलं की झालं. दुसरा खड्डा लॅपटॉप मिटण्याचा: आधीच्या आणि आताच्या तपासणीत पाच मिनिटांहून जास्त अंतर पडलं तर मशीन झोपलं होतं, तो ब्रेक समजा. तिसरा व्हिडिओचा. हात स्थिर, डोळे स्क्रीनवर. फुलस्क्रीन असेल तर एस-एच-क्वेरी-यूजर-नोटिफिकेशन-स्टेट या विंडोजच्या फंक्शनवरून बऱ्याचदा कळतं, तो वेळ कामातच धरा. प्रेझेंटेशन चालू आहे हेही तेच सांगतं. तेव्हा मांजर दिसताच कामा नये, साहेबांसमोर जांभई नको.

पिक्सेलपंत:
गुलाबी कड टीकिंटरचीच देणगी. विंडोजवर तिथे पारदर्शकता म्हणजे एकच ठरावीक रंग गाळणं. मांजराच्या पीएनजी चित्राच्या कडेचे अर्धपारदर्शक पिक्सेल त्या रंगात मिसळतात, पण नेमके तो रंग नसल्यामुळे गाळले जात नाहीत. तात्पुरता उपाय: पिक्सेलचा अल्फा, म्हणजे अपारदर्शकता, १२८ च्या खाली असेल तर ०, नाहीतर २५५. कडा खडबडीत होतील, पिक्सेल आर्टला ते शोभतंही. खरा उपाय टीकिंटरऐवजी पायसाइड ६, म्हणजे क्यूटी ही खिडक्या बनवायची लायब्ररी पायथनमधून: फ्रेमलेस, स्टे-ऑन-टॉप आणि टूल हे फ्लॅग, वर ट्रान्स्ल्युसंट बॅकग्राउंड. टूलमुळे टास्कबारवर बटण येत नाही.

अक्षरं गायब होतात कारण मांजराची खिडकी फोकस, म्हणजे टायपिंगचा ताबा, घेते आणि कळा मांजराच्या पोटात जातात. शो-विदाउट-अ‍ॅक्टिव्हेटिंग आणि डझ-नॉट-अ‍ॅक्सेप्ट-फोकस, हे पायसाइडमधले दोन्ही लावा. १२८ बाय १२८ ची चित्रं, सेकंदाला ८ फ्रेम पुरतात. ६० ठेवून बॅटरी खाऊ नका. डिस्प्ले १२५ टक्क्यांवर असेल तर चित्र धूसर होतं, म्हणून ते पूर्ण पटीतच मोठं करा, तेही क्यूटीच्या फास्ट ट्रान्स्फॉर्मेशनने, म्हणजे पिक्सेल न मिसळता.

माऊची मावशी:
मांजर मारू नका हो. असं अपराधी वाटायला लावलं की लोक सवय सुधारत नाहीत, मांजरच अनइन्स्टॉल करतात. टाळलं तर त्याने नुसतं पेंगावं, ५ मिनिटांनी पुन्हा एकदा विचारावं, बस्स.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: त्या २० सेकंदांत स्क्रीनवर काहीही गंमत दाखवू नका. उड्या मारणारं मांजर किंवा उलटी मोजणी दिसली की माणूस तेच बघत बसतो आणि २० फुटांवर, म्हणजे साधारण ६ मीटरवर, नजर जातच नाही. मांजराने स्क्रीनच्या कडेबाहेर निघून जावं. वेळ संपल्याचं हलक्या घंटीने कळवा, म्हणजे डोकावून बघावं लागत नाही. मधे कळ दाबली किंवा माउस हलला तर २० सेकंद पुन्हा पहिल्यापासून. खाऊ, उड्या, काय ते परत आल्यावर. खोलीत २० फूट मिळत नसतील तर खिडकीबाहेरचं झाड किंवा समोरची इमारत चालते. डोळे मिचकावायची आठवणही द्या, स्क्रीनकडे टक लावली की मिचकावणं कमी होतं. उठून पाय मोकळे करायला तासाला एक वेगळा ब्रेक ठेवा. २० सेकंदांत ते होत नाही.

खटपट्या:
मरण रद्द! फोकसचे दोन्ही फ्लॅग लावले, अक्षरं आता जात नाहीत. मित्रांना द्यायला पायइन्स्टॉलरने (पायथन प्रोग्रॅमची एक्झी बनवणारं साधन) एकच एक्झी फाइल केली तर अँटीव्हायरस अडवतोय. आणि हेच लिनक्सवर चालेल का?

बिनतारी:
वन-फाइल एक्झी चालताना स्वतःला टेम्प फोल्डरमध्ये उलगडते, त्यामुळे संशय येतो. वन-डीर, म्हणजे सगळ्या फाइलींचं एक फोल्डर, करून झिप द्या, यूपीएक्स (एक्झी दाबून लहान करणारं साधन) बंद ठेवा. लिनक्सवर वेलँड ही नवी खिडकी-व्यवस्था असेल तर अ‍ॅपला आपली खिडकी हवी तिथे हलवता येत नाही, मांजर जागेवरच बसेल. क्यूटी प्लॅटफॉर्म एक्ससीबी ठेवून चालवा, एक्सवेलँडमधून, म्हणजे जुन्या एक्स व्यवस्थेची अ‍ॅप वेलँडवर चालवणाऱ्या सोयीतून, फिरेल. पण तिथे एक्सच्या स्क्रीनसेव्हरवरून निष्क्रिय वेळ काढू नका: वेलँडच्या खिडक्यांतलं टायपिंग त्याला नीट कळेलच असं नाही. तो वेळ डेस्कटॉपलाच विचारावा लागतो, ग्नोम डेस्कटॉपमध्ये डी-बसवर (प्रोग्रॅमांनी एकमेकांशी बोलायच्या वाटेवर) त्याच्या मटर या खिडकी-व्यवस्थापकाचा आयडल मॉनिटर आहे.