केळीतल्या लेक्टिननं टी पेशींचा आरएनए वाढतो, मग बॉक्सवर ‘इम्युनिटी’ छापायला काय हरकत?

रावेरचा_केळीवाला: राम राम मंडळी. आमच्या गटात बॉक्सवर ‘इम्युनिटी वाढवणारी केळी’ छापायचं चाललंय आणि मला ते पटतं, हवेतली गोष्ट नाहीये ही. केळीत बॅनलेक नावाचं लेक्टिन असतं म्हणजे साखरेला चिकटणारं प्रथिन, ते लॅबच्या डिशमधल्या टी पेशींना (रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशी) दिलं की निवांत पडलेल्या पेशी आरएनए (जनुकांची कामाची नक्कल) बनवायला लागतात, फुगतात, मग विभागतात. छापलेलं संशोधन आहे, आपल्या मालाचा गुण आपण नाही सांगायचा तर कोणी सांगायचा?

जळगावची_लॅबवाली: भाऊ, डिशमधलं सगळं खरं, पण हेच काम राजम्यातलं लेक्टिन रोज करतं आमच्याकडे. क्रोमोसोमच्या तपासणीला रक्त आलं की त्यात तेच राजम्याचं लेक्टिन, फायटोहीमॅग्लुटिनिन, टाकून साधारण ७२ तास ठेवतो, त्याशिवाय पेशी विभागतच नाहीत. पीटर नोवेल या शास्त्रज्ञानं १९६० ला दाखवलं हे. आणि तोच राजमा नीट न शिजवता खा, उलट्या-जुलाब होतील. मग राजम्याच्या पोत्यावर पण इम्युनिटी लिहायचं का?

रावेरचा_केळीवाला: राजमा आपण उकळून खातो, लेक्टिन तिथंच संपतं. केळं तर असंच खातो ना? आणि माणसांच्या रक्तात बॅनलेकविरुद्धच्या अँटिबॉडी सापडल्यात, म्हणजे थोडंफार तरी आत पोचतं.

तापीकाठचा_पोऱ्या: शरीरानं ते ओळखलं एवढंच त्यातून कळतं भो, टी पेशी जाग्या झाल्या हे कुठून आलं? उलट २०१५ ला याच बॅनलेकमध्ये एक अमिनो आम्ल बदलून नवं रूप काढलं, विषाणूला चिकटायचा गुण ठेवला आणि टी पेशींना उठवायचा गुण बराचसा घालवला. औषध करायचं तर तो गुण आड येतो, कारण सरसकट सगळ्या पेशी उठल्या की सूज. तुम्ही नेमकं तेच बॉक्सवर छापायला निघालात.

अमळनेरचा_मास्तर: मी अजून मागं जातो. आरएनए वाढला हे जुन्या प्रयोगात मोजलं कसं? आरएनएचा कच्चा माल असलेलं युरिडिन किरणोत्सारी करून पेशींना देऊन. पण उठलेली पेशी युरिडिन आत ओढतेच जास्त, त्याला फॉस्फेट लावणारं एन्झाइम पण वाढतं, मग किरणोत्साराचे काउंट चढले त्यातले किती खऱ्या आरएनएचे आणि किती नुसत्या आत आलेल्या मालाचे? आधी हे सांगा, मग केळी.

धुळेकर_बायोटेक: मास्तर तुनी गोट खरी शे, पण अर्धीच. पेशीतला एकूण आरएनए वेगळा मोजला तरी वाढलेला दिसतो, न्यूक्लिओलस (केंद्रकातला रायबोसोम बनवणारा भाग) मोठा झालेला मायक्रोस्कोपखाली दिसतो, आणि अ‍ॅक्टिनोमायसिन डी हे औषध टाकून आरएनए बनणं बंद केलं तर विभागण्याआधीच्या डीएनएच्या नकलेपर्यंत गाडी जातच नाही. मला यातली भारी गोष्ट वेगळीच वाटते: निवांत लिम्फोसाइट (टी पेशी ज्या गटातल्या, ती पांढरी पेशी) रायबोसोमचा, म्हणजे प्रथिनं बनवणाऱ्या यंत्राचा, आरएनए बनवते आणि त्यातला बराचसा स्वतःच मोडून टाकते, १८एस नावाच्या तुकड्याचा तर साधारण अर्धा. चेतना मिळाली की ही नासाडी थांबते. म्हणजे नुसतं उत्पादन वाढत नाही, घट पण कमी होते, आणि हे हर्बर्ट कूपर या संशोधकानं जुन्या काळातच दाखवलं. म्हणून आरएनए वाढतो यावर माझी शंका नाही, शंका बॉक्सवर आहे.

रावेरचा_केळीवाला: म्हणजे पेशी वाढायला लागली हे सगळ्यांना मान्य. मग वाढलेल्या पेशी चांगल्या की वाईट?

जळगावची_लॅबवाली: कशासाठी वाढल्या त्यावर आहे भाऊ. किडनी बदललेल्या पेशंटला सायक्लोस्पोरिन हे औषध देतात ते इंटरल्यूकिन-२ (टी पेशींना वाढायला लावणारं प्रथिन) चा आरएनए टी पेशीत बनू नये म्हणून, कारण तिथं याच पेशी उठल्या की नवी किडनी नाकारतात. आणि इन्फेक्शनमध्ये त्या जंतूला ओळखणाऱ्या मोजक्याच पेशी उठतात, लेक्टिन मात्र ओळखपाळख न बघता सगळ्यांना उठवतं. त्याला इम्युनिटी वाढली असं मी तरी म्हणणार नाही.

रावेरचा_केळीवाला: बरं, ‘वाढवणारी’ काढतो. ‘टी पेशींवर अभ्यासलेलं केळं’ चालेल का?

तापीकाठचा_पोऱ्या: खरं आहे, पण घेणारा त्याचा अर्थ तोच काढणार जो तुम्हाला हवाय. माझा विरोध कायम.

धुळेकर_बायोटेक: माझी हरकत नाही, फक्त ‘डिशमध्ये’ हा शब्द त्याच साइजमध्ये छापा.