मदत हवी आहे: केस पेपर आणि फोनवरचा सर्व्हे जुळत नाहीत (अर्जंट)

पीजी_त्रस्त
थिसिसचं ॲनालिसिस अडलंय. साथीत ॲडमिट झालेल्यांना नंतर काय त्रास उरला, हा विषय. एका शीटमध्ये केस पेपरवरून भरलेला डेटा, दुसऱ्यात पेशंटना फोन करून केलेला सर्व्हे. दोन्ही एकत्र केल्यावर भलतंच उत्तर येतंय: आयसीयूत होते त्यांना नंतर त्रास कमी, जनरल वॉर्डातल्यांना जास्त. गाइड म्हणाले, हे छापलंस तर परीक्षक हसतील. काय-स्क्वेअर (दोन गटांतला फरक योगायोगाचा आहे का ते बघणारी टेस्ट) लावून झाली, आता कुठली टेस्ट लावू? शुक्रवारी दाखवायचंय. कृपया 'स्टॅटिस्टिशियनना भेटा' सांगू नका, ते रजेवर आहेत.

आकडेमोड्या
कसली साथ, कुठला काळ, किती पेशंट? 'त्रास' म्हणजे नेमकं काय धरलंय? टेस्टचं नंतर बघू.

पीजी_त्रस्त
कोविडच ना, अजून कुठली! दुसरी लाट, एप्रिल-मे २०२१. केस पेपर सहाशेच्या आसपास, सर्व्हे त्याच्या निम्म्याहून कमी लोकांचा झाला. त्रास म्हणजे दम लागणं, थकवा, झोप, केस गळणं. हो/नाही.

भुजंग_२.०
एक्सेल सोडा, पायथॉन शिका. दोन दिवसांत येतं. ब्रिटनमध्ये २०२०च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात एक्सेलपायी १५,८४१ पॉझिटिव्ह केसेस आकडेवारीतून गळाल्या होत्या. जुन्या फॉरमॅटच्या शीटमध्ये ६५,५३६च ओळी मावतात, पुढच्या सगळ्या कापल्या गेल्या.

आकडेमोड्या
भुजंगराव, त्यांच्याकडे सहाशे ओळी आहेत.

भुजंग_२.०
आज सहाशे आहेत. सवय वाईटच.

सुमनताई
माझ्या धाकट्या दिरांचा एचआरसीटी स्कोअर (छातीच्या स्कॅनचा, जास्त म्हणजे वाईट) २५पैकी १८ होता. बेडसाठी रात्रभर रिक्षातून फिरलो. आज ते रोज पर्वती चढतात. आणि मी घरीच होते, साधा ताप, तर माझे गुडघे तेव्हापासून गेले ते गेलेच. त्यामुळे तुमचं उत्तर बरोबर असेल हो, गाइडना सांगा.

खडूस_काका
केस पेपर मिळत नसतील तर लेखी अर्ज करा. मेडिकल कौन्सिलच्या २००२च्या नियमावलीप्रमाणे पेशंटने किंवा त्याने अधिकृत केलेल्या माणसाने मागितल्यापासून ७२ तासांत द्यावे लागतात. मी मेडिक्लेमसाठी तसेच काढले.

पीजी_त्रस्त
काका, केस पेपर मिळालेत. रेकॉर्ड रूममध्ये तीन महिने धूळ खाल्लीय मी.

गोदाकाठ
मुळात केस पेपरवर विश्वासच का ठेवता? त्या दिवसांत एकेका इंटर्नकडे अख्खा वॉर्ड होता. डायबेटिसच्या रकान्यात काही लिहिलं नसेल तर तुम्ही काय भरलंत? 'नाही'? रिकामा रकाना म्हणजे 'विचारलं नाही', 'नाही' नव्हे. त्यापेक्षा सर्व्हे बरा. जुलै २०२०च्या मुंबईच्या सिरो सर्व्हेत (रक्त तपासून आधी लागण झाली होती का ते बघणारा) महापालिकेच्या तीन वॉर्डांतल्या झोपडपट्ट्यांत ५७ टक्के आणि इतर वस्तीत १६ टक्के लोकांत अँटिबॉडी सापडल्या. रेकॉर्डात एवढे पेशंट होते कुठे?

टेम्सकाठचा_पुणेकर
गोदाकाठ, तो रक्ताचा सर्व्हे होता. इथे माणसाला दोन वर्षांनी फोन करून 'तेव्हा दम लागायचा का' विचारतायत. आमच्याकडे ब्रिटनमध्ये ओपनसेफ्ली म्हणून काम झालं, १ कोटी ७० लाखांवर लोकांची रेकॉर्ड्स. रेकॉर्डच्या जोरावरच २०२०च्या जुलैत कळलं की वय हा सगळ्यांत मोठा धोका.

गोदाकाठ
आणि त्याच अभ्यासात सगळे घटक गणितात घेतल्यावर बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांना मृत्यूचा धोका जरा कमी दिसला होता, ते नाही सांगितलंत.

टेम्सकाठचा_पुणेकर
फुप्फुसाचे जुने आजार त्याच गणितात घेतले होते म्हणून. ते बऱ्याचदा सिगारेटनेच होतात ना! नुसतं वय आणि लिंग धरलं तर धोका जास्तच होता. म्हणजे रेकॉर्ड खोटं नव्हतं, ते वाचायला यावं लागतं.

जुनाजाणता
अवांतर: १९१८च्या साथीला आपल्याकडे मानमोडी म्हणत. आमच्या पणजोबांची तीन भावंडं एका आठवड्यात गेली. तेव्हा खेड्यातल्या मृत्यूंची नोंद गावकामगारांकडून जायची, आणि त्या साथीत गेलेली असंख्य माणसं नुसत्या 'ताप' या रकान्यात आहेत. बाकी चालू द्या.

आकडेमोड्या
अवांतर नाही हो, मुद्द्याचंच आहे.
पीजीताई, तीन गोष्टी सांगा. डिस्चार्जनंतर वारलेल्यांचं काय केलंत? फोन पेशंटनेच उचलला की मुलाने-सुनेने? आणि दोन शीट्स जोडल्या कशावरून?

पीजी_त्रस्त
वारलेले वगळले, त्यांना थकवा कसा विचारणार. फोन कोणी उचलला ते लिहिलं नाही, ज्याने उचलला त्याला विचारलं. मोबाइल नंबरवरून व्हीलुकअप (दुसऱ्या शीटमधली जुळणारी ओळ शोधणारं एक्सेलचं फंक्शन) लावला, अजून कशावरून लावणार?

आकडेमोड्या
बास. टेस्ट शोधू नका, तुमचा घोळ शीट्स जोडण्यात आहे. एप्रिल २०२१मध्ये घरंच्या घरं ॲडमिट होती. बाप आयसीयूत, आई वॉर्डात, मुलगाही वॉर्डात, आणि तिघांच्या केस पेपरवर मुलाचाच नंबर. व्हीलुकअप पहिली सापडलेली ओळ उचलतो आणि गप्प बसतो. म्हणजे तिशीतल्या मुलाचं 'काही त्रास नाही' हे उत्तर बापाच्या आयसीयूच्या ओळीत जाऊन बसलं असणार. नंबरच्या रकान्यावर डुप्लिकेट व्हॅल्यूज रंगवून बघा.

भुजंग_२.०
पायथॉनच्या पांडाजमध्ये शीट्स मर्ज करताना व्हॅलिडेट (जुळणी एकास एक आहे का ते तपासणारा पर्याय) दिलं असतं तर एरर आली असती. म्हणत होतो.

पीजी_त्रस्त
रंगवलं. निम्मी शीट लाल झाली. एक नंबर तर नऊ केस पेपरवर आहे. फोन लावला, तो ॲम्ब्युलन्सचा ड्रायव्हर निघाला. म्हणाला, "मॅडम, नातेवाइकांना आत सोडत नव्हते, तर फॉर्मवर माझाच टाकायचे." आणि सतरा ठिकाणी ९९९९९९९९९९. माझ्याच डोळ्यांखालून गेलंय हे. आता सगळं टाकून देऊ का?

टेम्सकाठचा_पुणेकर
टाकू नका. सर्व्हेच्या शीटमध्ये वय आणि लिंग असेल तर नंबर, वय, लिंग तिन्हींवर जोडा. वयात दोन-तीन वर्षांची सूट ठेवा, गडबडीत कोणी नीट वय सांगत नाही. उरतील त्यांना परत फोन, आणि आधी 'मी कोणाशी बोलतेय' विचारायचं. आणि ज्यांनी उत्तरं दिली नाहीत त्यांचे केस पेपर आहेतच की तुमच्याकडे. दोन्ही गटांचं वय, आयसीयू, ऑक्सिजनचे दिवस शेजारी मांडा. ते टेबल परीक्षक आधी मागतात.

गोदाकाठ
आणि वारलेल्यांना वगळू नका, वेगळा गट करा. आयसीयूतून घरी जाऊन महिन्यात गेलेला माणूस तुमच्या शीटमध्ये कुठेच नाही. उरलेले धडधाकट दिसणारच. (रेकॉर्डबद्दल माझं मत कायम आहे.)

सुमनताई
माझ्या दिरांचंही ॲडमिशन माझ्याच नंबरवर होतं. मला असा फोन आला असता तर मी गुडघ्यांचंच सांगितलं असतं.

पीजी_त्रस्त
गाइडकडून पुढचा शुक्रवार मागून घेतला. शिव्या बसल्या, पण मिळाला. आजपासून परत फोन सुरू केले. पहिलाच नंबर तिघांचा. मुलीने उचलला. मागच्या वेळी मी विचारलं तेव्हा तिने तिचंच सांगितलं होतं, थोडा थकवा, बाकी ठीक. आज मी वडिलांचं नाव घेऊन विचारलं. ते डिस्चार्जनंतर बावीस दिवसांनी घरीच गेले. ती म्हणाली, "तुम्ही तेव्हा बाबांचं विचारलंच नाहीत."

'मृत्यू, डिस्चार्जनंतर' असा नवा कॉलम घातलाय आणि त्यापुढे 'माहिती कोणी दिली'. अजून बरेच लाल नंबर आहेत. संध्याकाळी सहानंतर लोक फोन उचलतात, आता तेव्हाच बसेन.